मम्मी येईपर्यंत

मांडवी, ८ नोव्हेंबर
आलो एकदाचे! अंजारपासून टेम्पोत सामानावर बसून आलेली आमची लेक झरणा अजून तोंडाने भोंगा वाजवतेय. घर छान आहे. पुढे ओटा, मागे न्हाणी आणि खिडकीतून नदीकाठी बांधायला घेतलेल्या गलबतांच्या उघड्या फासळ्या दिसतात. धीरेनला तिथेच सुतारांवर देखरेखीचं काम मिळालंय. हात धरून त्याने मला सगळं घर दाखवलं. म्हणाला, "पारुल, इथली हवा खाऊन तू जाड होणार बघ." मग तिघांनी ओट्यावर बसून दाबेल्या चापल्या. अंजारला वर्षभर त्याची झोप उडाली होती. ते सगळं मागे राहिलं असं वाटतंय.

१७ नोव्हेंबर
धीरेन जेवताना माझ्याकडे टक लावून बघतो. काल म्हणाला, कढीला पारुलच्या हातची चव नाही. मी म्हटलं, पाणी बदललं की चव बदलते. तो हसला नाही. आज माझ्या कानामागचा तीळ बघायचाय म्हणाला. दाखवला. बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, हुबेहूब केलाय.

२ डिसेंबर
आज त्याने मला 'बेन' म्हटलं, म्हणजे ताई. स्वतःच्या बायकोला! आधी वाटलं चेष्टा करतोय. पण परक्या बाईशी बोलावं तसा अदबीने बोलत होता: बेन, तुम्ही आमचं फार करता, पण माझी पारुल कुठे आहे तेवढं सांगाल? डोळ्यांत पाणी होतं. मी हात धरला, तर लाजून सोडवून घेतला.

९ डिसेंबर
भुजला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, हा आजार आहे, त्याला खरंच तसं वाटतं. गोळ्यांनी उतार पडेल, पण वेळ लागेल. वाद घालू नका, मुलीला जपा. अंजारहून सासूबाई, आमच्या बा, आल्या आहेत. माझ्या हातून तो गोळी घेत नाही, म्हणून त्या देतात.

२० डिसेंबर
बा म्हणाल्या, त्याच्यासमोर मीही तुला बेन म्हणते, शांत राहतो बिचारा. म्हटलं, म्हणा.
तो रोज पारुलचं ताट वेगळं मांडतो. बा त्यात वाढतात. झरणा त्या ताटाशी गप्पा मारते. रागावले, तर म्हणाली, पप्पांना बरं वाटतं.
आज धीरेन कामावर होता. घरात आम्ही दोघीच. बांनी आतून हाक मारली, बेन, मीठ कुठेय?

१ जानेवारी
पिठाच्या डब्यामागे गोळ्या सापडल्या. सगळ्या. बांनी दिल्याच नव्हत्या. म्हणाल्या, गोळी घेतली की तो दगडासारखा बसतो. आता माझा मुलगा हसतो तरी.

६ जानेवारी
झरणा माझ्याकडून वेणी घालून घेत नाही. मम्मी आली की घालेल म्हणते. मी तिला गदागदा हलवलं — अगं, मीच तुझी मम्मी! ती किंचाळली. धीरेन धावत आला, तिला पाठीशी घातलं, मला हात जोडले. बेन, लेकराला मारू नका.
मारलं नव्हतं. की —
कानामागचं आरशात दिसत नाही.

११ जानेवारी, दुपार
दार आतून लावलंय. मी ओट्यावर. सकाळी एकटीच भुजला गेले होते. डॉक्टर म्हणाले, उद्या माणसं घेऊन स्वतः येतो. उद्या.
झरणा खिडकीतून म्हणाली, पप्पा मम्मीला आणायला स्टँडवर गेलेत. तू जा आता.

तो येतोय. हसतोय. किती दिवसांनी — डावीकडे वळून बोलतोय. डावीकडे कोणी नाही.

दार उघडलं. झरणा माझ्या अंगावरून धावली. मम्मी! — हवेला मिठी.
बा दारात, कुंकवाची वाटी घेऊन. डोळे वाहताहेत. बा, माझ्याकडे बघा. बा —
बघत नाहीत.

तो पायरीशी. "बेन, जरा सरा. दमून आलीये ती."

सरले मी. अंग चोरून वाट दिली. का? कोणी नाही तिथे. मग मी कोणासाठी सर—