डीक न लागलेलं बोट

मंगळवार संध्याकाळ, एप्रिल

आज गोव्याहून तपासणीचा अहवाल आला. उजव्या करंगळीच्या नखाखाली कॅन्सर आहे. कातडीचाच, पण नखाखाली क्वचित होणारा. पुढे पसरलेला नाही, बोटाचं टोक मात्र काढावं लागेल. रडू आलं नाही. राग आलाय, कुणावर ते कळत नाही.

वर्षभर ते नख बरं होत नव्हतं आणि सगळे एकच सांगत होते. सासूबाई म्हणायच्या, "काजूचो डीक लागलो आसतलो गो, खोबरेल लाव." गावातल्या डॉक्टरांनीही माझी काळी पडलेली बोटं बघून बुरशीचं मलम दिलं. पण काजू फोडताना बी मी डाव्या हातात धरते. सालीतला डीक, तो कातडी जाळणारा चीक, उडतो तो डाव्या बोटांवर. उजव्या करंगळीला तो कसा लागेल? मलाही हे कसं सुचलं नाही? मागच्या खेपेला गोव्याच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काजू कुठल्या हातात धरता?" मी डावा दाखवला. तेव्हा कुठे त्यांनी नखाखालचा तुकडा तपासायला काढला.

मघाशी सासूबाई सवयीने खोबरेलाची वाटी घेऊन आल्या आणि थबकल्या. "खंयच्या हाताक लावू गो?"

मी डावा पुढे केला.