उष्टा श्वास

१९ ऑगस्ट १९५७, सोमवार. सकाळी. ताप ९८.

बंडूजी कंपाउंडरने ही वही दिली. रोजचा ताप, वजन आणि बेडका किती पडला ते लिहायचं. बाकी पान कोरंच राहतं, ते मी वापरणार. शुद्ध भाषेत लिहायचं ठरवलं आहे. माणूस चौथीपर्यंत शिकला ते कशाला?

ताप खरा १०० होता. पण थर्मामीटर चहाच्या कपाशेजारी ठेवलं होतं, म्हणून दोन कमी केले.

मला काही झालेलं नाही. हिंगणघाटला जिनात काम केलं की रुईची धूळ छातीत जाते, ती आता बाहेर पडून राहिली आहे. रक्त येतं ते घशाचं. पण वर्ध्याजवळच्या या टीबीच्या दवाखान्यात सगळ्यांना एकाच मापाने मोजतात. डॉक्टरसाहेब म्हणाले, तुझ्या फुप्फुसाची उजवी बाजू गेली, डावी चांगली आहे, सुयांनी उजवी भरत नाही. ऑपरेशन झालं तर वाचशील. त्याआधी महिनाभर तपासण्या. नागपूरचे मोठे डॉक्टर दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी येतात आणि ऑपरेशनसाठी एकच माणूस निवडतात.

म्हणजे परीक्षा. मग घाबरायचं काय? १४ सप्टेंबरला पहिला नंबर आणायचा. दिवाळीला जिन सुरू होईल तेव्हा मी कामावर. सहा नंबरच्या यंत्राचा रेचा माझ्याशिवाय सरकी नीट सोडत नाही.

मायला अकोटाकडे कार्ड टाकलं: कंपनीने ट्रेनिंगला पाठवलं आहे.

२१ ऑगस्ट. ताप ९८.

आज फोटो होता. तो छातीच्या आतला असतो हे आधी सांगायला पाहिजे होतं. मी डोक्याला तेल लावलं, भांग पाडला, शेजारच्या खाटेवरच्या चिंधूचा काळा कोट मागून घातला. बंडूजी म्हणे, शर्ट काढ बे. मग थंड काचेला छाती लावून उभं केलं आणि दिवा घालवला.

एक कॉपी मागितली. माय मुलगी पाहून राहिली आहे, तिकडे पाठवता येईल. बंडूजी म्हणे, हा फोटो पाहून पोरगी देनारा बाप अजून जन्माले याचा हाये.

कंपाउंडरने कंपाउंडरसारखं राहावं.

२४ ऑगस्ट. ताप ९८. वजन ९६ पौंड.

वजन वाढवण्याची युक्ती सापडली. काट्यावर जाण्याआधी तीन लोटे पाणी प्यालो. चार पौंड वाढलं. नंतर सगळं नालीत ओकलो, पण वहीत ९६ लागलं ते लागलं.

चिंधू पाहून हसत होता. हा नाचणगावचा, घरचा वांगी-मिरचीचा मळा. याचीही उजवीच बाजू खराब. याचाही नंबर लागू शकतो, पण याला काही गरज वाटत नाही. दिवसभर लोकांची थट्टा. मला म्हणतो, रूपराव, इतकं पानी पेशील त ऑपरेशन नाई, विहीर खंदतीन तुह्या छातीत.

२८ ऑगस्ट. ताप ९८.

माझ्या खाटेच्या डोक्याशी काळी पाटी आहे, तिच्यावर खडूने माझं नाव. आज नीट पाहिलं तर 'रूपराव'च्या खालून दुसरं नाव दिसतं. हरिदास. बंडूजीला सांगून ओल्या फडक्याने पुसून घेतलं. वाळलं तर परत दिसलं.

चिंधूने सांगितलं, हरिदास केळझरचा सनईवाला. माझ्याआधी या खाटेवर पाच महिने होता. आषाढात गेला. त्याची डावी बाजू खराब होती, उजवी एकदम चांगली.

मी असल्या गोष्टी मानत नाही. उशी मात्र पायाकडे केली, वारा त्या बाजूने येतो म्हणून.

१ सप्टेंबर. ताप ९८.

चिंधूने आज एक गोष्ट सांगितली. कोणाजवळ बोलू नको म्हणाला.

तो म्हणे, रूपराव, तुले काय वाटते, ऑपरेशनमंधी काय करतात? मी म्हटलं, खराब बाजू साफ करतात. तो म्हणे, साफ कराले ते काय कंदील हाये? सडलं ते काढतात आन् दुसऱ्याचं लावतात. हरिदासची उजवी बाजू काऊन ठेवली मंग काढून? तुह्यासाठी. मापात बसते का नाई, तेवढंच पाहाचं राह्यलं.

मी हसलो. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाला असं बनवता येत नाही.

पण मग तपासण्या इतक्या कशाला करतात? नुसतं काढायचं तर रक्त कशाला पाहतात?

५ सप्टेंबर. दुपार.

दुपारी दोन ते चार आरामाची बेल. बोलायचं नाही, उठायचं नाही, वाचायचंही नाही. चाळीस माणसं नुसती छतावरच्या कवेलूकडे पाहत पडतात. बाहेर निंबावर कावळा असला तर त्याचाही आवाज बंद होतो.

आज त्यात ऐकू आलं. मी श्वास घेतला की थोडा मागून दुसरा. मी थांबलो तर तो एकदा होऊन मग थांबला. सनईची पत्ती वाजवण्याआधी ओठात ओली करतात, तसा. फुर्र. फुर्र.

लोखंडी खाट आहे. स्प्रिंगचा आवाज असणार.

या खाटेला स्प्रिंग नाही, पट्ट्या आहेत. उद्या पाहतो.

८ सप्टेंबर, रविवार. ताप लिहायचा राहिला.

भेटीच्या वेळेला एक बाई आली. विटकं लुगडं, हातात रिकामी थैली. हरिदासची बायको पंचफुला. ऑफिसात त्याचं धोतर आणि लोटा राहिला होता, ते न्यायला आली होती. मग इथे येऊन खाटेचा गज धरून उभी राहिली. मी उठायला लागलो तर म्हणे, निजा भाऊ निजा, मी पाहून जातो नुसती.

मी सहज विचारलं, स्वभावाने कसे होते? हे माहीत करून घेणं भाग होतं. उद्या कोणाबरोबर संसार करायचा आहे ते कळायला नको?

तिनं सांगितलं. लगनात रातभर सनई वाजवत, थकत नव्हते. पन एक होतं भाऊ, आपली पत्ती कोनाच्या तोंडाले लागू देत नव्हते. उष्टं चालतच नव्हतं यायले. एकडाव भाच्यानं सनई तोंडाले लावली. लहानसं पोरगं. यायनं त्याच्या देखत पत्ती मोडून चुलीत घातली, आन् दोन दिवस घरात बोलले नाई.

मग जाताना माझ्याकडे पाहून म्हणाली, सांभाळून राहा. यायचा जीव इथंच अटकला होता शेवटी.

चिंधू त्यावेळी भिंतीकडे तोंड करून पडला होता.

१० सप्टेंबर.

माणूस एक पत्ती उष्टी चालू देत नाही. तो आख्खी बाजू चालू देईल? माझ्या छातीत बसून तो काय करेल? मी श्वास घेतला की तो म्हणेल, उष्टा केला. आणि मोडून टाकेल.

हे सगळं जर खरं असेल तर. खरं नाही. उद्या बंडूजीला विचारून निकाल लावतो.

११ सप्टेंबर. संध्याकाळ.

विचारलं. बंडूजी टेबलावर मोठाले पिवळे लिफाफे लावत होता, मान वर केली नाही. मी म्हटलं, हरिदासची उजवी बाजू अजून आहे का हो इथं?

म्हणे, हाये ना, कपाटात. कुठं जाते?

मी म्हटलं, कायले ठेवली?

म्हणे, मोठे डॉक्टर मांगतात. तुह्या बाजूसंगं लावून पाहतीन शनिवारी, उजेडात धरून. एक लिफाफा घेऊन हलवून दाखवला, पण माझं तिकडे लक्ष नव्हतं. कपाटाला कुलूप होतं.

खरं हाये. सारं खरं हाये.

१४ सप्टेंबर, शनिवार. दुपार.

परीक्षा झाली.

एका पाण्याच्या पिंपात उलटा डबा बसवला आहे. नळीत फुंकलं की डबा वर येतो, बाजूच्या पट्टीवर आकडा दिसतो. मोठे डॉक्टर गोरे, चष्मेवाले, चांगले वाटले. म्हणाले, छाती भरून घे आणि सगळं सोड. डाव्या बाजूवर किती भागतं ते पाहायचंय. दोन हजारांच्या वर गेलास तर तुला पुढच्या आठवड्यात नेतो.

मी छाती भरली. भरली तेव्हा मागून तो आवाज आला. फुर्र. तोही तयार होता.

मी ओठाच्या कोपऱ्यातून हवा सोडून दिली. कोणाला दिसलं नाही. डबा तेराशेवर थांबला. डॉक्टर म्हणाले, परत. परत तेराशे. फोटो उजेडात धरला, नळी पाठीला लावली, म्हणाले फोटोच्या मानाने फारच कमी आहे, एवढ्यावर टेबलावर घेणं धोक्याचं. मग चिंधूने फुंकलं. एकवीसशे.

चिंधूचा नंबर लागला. मी मनाने सोडला असं म्हणायला हरकत नाही. त्याच्या घरी मळा आहे, म्हातारा बाप आहे. त्याला गरज जास्त.

२० सप्टेंबर.

चिंधूला नागपूरला नेलं. गाडीत चढताना कोट मला देऊन गेला, म्हणे घालून पाहत राहजो. मला त्याला सांगावंसं वाटलं की हरिदासला उष्टं चालत नाही. तोंडाशी आलं होतं. सांगितलं असतं तर तो हसला असता. म्हणून नाही सांगितलं.

२ ऑक्टोबर. ताप ९९.

आता हरिदासची बाजू नागपूरला गेली असेल. आराम पडायला पाहिजे.

दुपारी बेल झाली. ऐकलं. आवाज इथंच हाये. आधी एक होता, आता दोन-तीन येतात, एकामागं एक, जसं लगनाच्या मांडवात वाजंत्री बसून आपापली पत्ती ओली करून राह्यले.

मग तिकडं चिंधूच्या छातीत कोन गेला?

११ ऑक्टोबर. ताप १०१.

शुद्ध लिहायला जमून नाही राहिलं. थोडे दिवस बंद.

१८ ऑक्टोबर.

चिंधू आला! चालत आला. उजवा खांदा खाली झुकला आहे, त्या बाजूची छाती आत बसली आहे, पण तोंडावर रंग आहे. बेडका बंद. बाप संगं होता, सगळ्या वॉर्डात पेढे वाटले.

आरामाची बेल व्हायच्या आत मी त्याच्या खाटेवर गेलो. विचारलं, कसा हाये तो?

म्हणे, कोन?

हरिदास.

चिंधू माझ्याकडे पाहत राहिला. मी सारं सांगितलं. पत्ती, उष्टं, आवाज, कपाट, कोपऱ्यातून सोडलेली हवा. आधी हसायला लागला, बाजू दुखली म्हणून तिच्यावर हात दाबला, मग हसणं थांबलं.

म्हणे, रूपराव, लावत नाई बे काही. सात फासोळ्या काढल्या माह्या. बाजू दाबून टाकली, बस. मानसाचं मानसाले लावता येते का कुठी? मी गंमत केल्ती. आन् कपाटात फोटो असतात रे, फोटो! मेलेल्यायचे बी ठेवतात.

मी म्हटलं, मला माहीतच होतं.

त्याने दोन्ही हातांनी आपले कान धरले. सोडेचना. मी म्हटलं, सोड, लोक पाहून राहिले. तो म्हणे, तुहा नंबर मी खाल्ला. मी म्हटलं, वेडा आहेस काय, अजून नोव्हेंबर आहे, डिसेंबर आहे. दुसरा शनिवार काय संपला?

१९ ऑक्टोबर.

डॉक्टरसाहेबांकडे गेलो. चिंधू बरोबर आला, तोच आधी बोलला. साहेबांनी ऐकलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं मारतील. नुसतं म्हणाले, महिना गेला रे. मग म्हणाले, ९ तारखेला परत घेऊ.

जिन सुरू झालं असेल. जाऊ द्या, एक सीझन सहा नंबरवर दुसरा कोणी शिकेल.

ठराव: रोज सकाळी पायऱ्या चढायच्या. रोज पन्नास वेळा फुंकायचं. पाणी पिऊन वजन नाही. खरं तेच लिहायचं.

२६ ऑक्टोबर. ताप १०१. वजन ८६.

पायऱ्या चार चढलो. चिंधूने पाठीला हात लावला होता, तो हिशोबात धरायचा नाही. माझ्यासाठी घरून वांग्याचं भरीत मागवलं. खाल्लं नाही गेलं. तिखट जास्त होतं.

९ नोव्हेंबर, शनिवार.

आज खरं फुंकलं. काही मागे ठेवलं नाही. ओठ आवळले, डोळे मिटले, पायाच्या बोटापासून जे होतं ते सगळं नळीत घातलं. वाटलं, डबा पिंपाबाहेर उडणार.

साडेआठशे.

मी म्हटलं, मशीन बिघडलं. तेव्हा हवा सोडून तेराशे आले होते, आता न सोडता कमी कसे येतील? मोठ्या डॉक्टरांनी स्वतः डबा वरखाली करून पाहिला. मग नवा फोटो काढला. उजेडात धरून दोघे इंग्रजीत बोलले. डाव्या बाजूवर बोट ठेवलं होतं. बराच वेळ तिथंच ठेवलं.

मला पुढच्या वेळेचं काही सांगितलं नाही. गर्दी होती.

१३ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी.

डॉक्टरसाहेब आज फेरीत नुसते उभे राहिले नाहीत. स्टूल ओढून माझ्या खाटेजवळ बसले. घरी कोण कोण आहे विचारलं. म्हटलं, माय. म्हणाले, त्यांना बोलावून घे. मी विचारलं, डिसेंबरचा दुसरा शनिवार धरून आली तर चालेल? ते गळ्यातली नळी गुंडाळत बसले. म्हणाले, नको. या आठवड्यातच येऊ दे. सुया बंद केल्या. जे खावंसं वाटेल ते खा म्हणाले.

सुया बंद म्हणजे फरक पडला. आणि मायचं सरळ आहे. ऑपरेशनच्या कागदावर घरच्या माणसाचा अंगठा लागतो. मोठ्या डॉक्टरांनी मनात घेतलं असणार. नाहीतर एवढी घाई कोण करतो?

माझं अक्षर हल्ली कार्डात मावत नाही म्हणून चिंधूकडून लिहून घेतलं. मी सांगितलं, लिही: ट्रेनिंग संपत आलं, काळजी करू नको, फक्त अंगठा द्यायला ये. त्याने मान खाली घालून लिहिलं. मग मी वाचायला मागितलं. आख्ख्या कार्डावर एवढंच: माय, लवकर येजो.

दुसरं कार्ड आणायला सांगितलं आहे. अंगठ्याचं लिहिलंच नाही तर माय इतक्या दूर नुसती येऊन काय करणार?