शेवटच्या पाण्याची प्लेट

प्रिय चिमटे,

हे नाव तुला मीच ठेवलं होतं. चिमट्याच्या टोकात धरून तू भुंग्याच्या अळीचं आतडं असं अलगद ओढायचीस, की ते दोऱ्यासारखं अखंड बाहेर यायचं. माझ्या हातून ते नेहमी तुटायचं. तू गेल्यापासून चार वर्षांत मी तुला एक ओळही लिहिली नाही, आणि आज एकदम पत्र. फोन करता आला असता. पण फोनवर मी बोलते आणि समोरचा ऐकतो, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

मला भीती वाटते आहे. एवढं वाक्य लिहायला तीन कागद फाडावे लागले. भरल्या सभागृहात जंतूंची बाजू घेऊन भांडणारी मी. ज्याला तुम्ही घाण म्हणता त्याच्याच जिवावर तुम्ही जगता, असं ठणकावून सांगताना माझा आवाज कधी चिरकला नाही. आता बोळातून कुणाच्या चपला वाजल्या तरी मी खिडकी लावून घेते. काल कुरिअरवाल्याने दार वाजवलं, तर मी आतल्या खोलीत जाऊन बसले. आमचे हे म्हणाले, "अगं, पुस्तकं आलीत, पोलीस नाहीत."

इकडचं सांगते. खिडकीजवळच्या तुझ्या स्टुलावर आता नवी मुलगी बसते. तुझ्या अगदी उलट. मी काही सांगितलं की म्हणते, "मॅडम, असं कुठे लिहिलंय ते दाखवा ना." अळीच्या आतड्यात सापडला म्हणून आपण जाहीर केलेला तो जिवाणू तिला ताज्या अळ्यांतून पुन्हा काढायचा होता. चाळीस अळ्या फाडल्या, एकीतही सापडला नाही. मी म्हटलं, तुझी नजर कच्ची आहे. ती हट्टाला पेटली आणि खोलीतल्या दिसेल त्या वस्तूवर बोळा फिरवून जंतू वाढवायची प्लेट लावली: टेबल, कात्री, स्वतःचा मोबाईल, पाण्याच्या कॅनची रबरी नळी. तीन दिवसांनी एक प्लेट माझ्या नाकासमोर धरून हसत म्हणाली, "मॅडम, आपला पाहुणा अळीत नाही, नळीत राहतो वाटतं!" पिवळे ठिपके, कडेला सुरकुतलेले. मीही हसले. मग तिच्या हातून प्लेट घेतली आणि उजेडात धरून पुन्हा पाहिली.

डीएनएचा अहवाल आला. तोच आहे. जात खरोखर नवी आहे गं, जगात त्याला जवळचा नातलग नाही. फक्त आपण दिलेला पत्ता खोटा आहे. अळीच्या पोटावरून आपण त्याचं नाव ठेवलं, नियमाप्रमाणे दोन देशांतल्या जंतुसंग्रहांना त्याचे नमुने पाठवले. तो अळीला लाकूड पचवून देतो, असं मी किती व्यासपीठांवरून सांगितलं! आणि तो बसला होता आपल्याच कॅनच्या नळीत.

तो आपल्याला सापडला त्या आठवड्यात वाफेने निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह बंद पडला होता. तू विचारलंस, "पाणी निदान उकळून घेऊ का?" आणि मी म्हणाले, "डिस्टिल्ड आहे ना? मग काय त्याला आंघोळ घालतेस?" त्याच पाण्यात तू अळ्या विसळल्यास, त्याच पाण्यात आतडी वाटलीस. आपले शिपाई मामा तर त्याच्या आधीपासून सांगत होते, "बाई, नळी बदला, आतून बुळबुळीत झालीय." मी म्हणाले, "मामा, तुम्ही चहाचं बघा." सगळे हसले. तू हसली नव्हतीस.

आणि ती प्लेट. अळीला स्पिरिटमध्ये बुडवायचं, तीनदा विसळायचं आणि शेवटचं पाणीही एका प्लेटवर पसरायचं, ही शिस्त मीच तुला लावली. त्या प्लेटवर काही उगवलं नाही तरच म्हणायचं, की बाहेरून अळी स्वच्छ आहे, जे मिळालं ते पोटातलंच. ती प्लेट घेऊन तू दारात आलीस. झाकण उघडून तू ती माझ्यापुढे धरलीस. तीन पिवळे ठिपके होते. मला व्याख्यानाला उशीर होत होता. मी म्हणाले, "हात धुतेस की नुसते ओले करतेस? फेक ती, आणि वहीत लिही, स्वच्छ." तू तोंड उघडलंस. मी घड्याळाकडे पाहिलं. तू तोंड मिटलंस.

परवा ती वही काढली. तुझं गोल अक्षर: "शेवटचं पाणी – काही उगवलं नाही." इतर प्रत्येक पानाखाली माझी सही आहे. या पानाखाली नाही. मी घाईत होते.

गुरुवारी आपल्या या शोधाची चौकशी समिती बसते आहे. त्यांच्यासमोर वहीतलं तेवढंच पान आहे. तुझ्या नव्या नोकरीत कायम होण्याची ऑर्डर त्यासाठीच अडवून ठेवली आहे, हे मला कळलं. तुला विचारलं तर तू मान खाली घालून "चूक माझीच" म्हणशील, हेही माहीत आहे. ती मान खाली घालायला मीच शिकवलं.

आता सगळ्यात वाईट सांगते. रविवारी दुपारी भांडी लावता लावता मी समितीसमोर काय बोलायचं याची तयारी करत होते. ठरवलं होतं खरं सांगायचं. तोंडून निघालं ते वेगळंच. शिकाऊ हात, कोवळं वय, निकालाची घाई, आणि विश्वास टाकणाऱ्या शिक्षकाची वेदना! काय भाषण झालं म्हणून सांगू! एक शब्द अडला नाही, शेवटी माझेच डोळे भरून आले. बाहेरच्या खोलीतून हे म्हणाले, "वा! मला तर पटलं बुवा. कोण होती ती पोरगी?"

माझ्या हातातली ताटली निसटली. चिमटे, मला समितीची भीती नाही. माझ्या जिभेची आहे. ती मला विचारत नाही.

म्हणून हे पत्र. हेच सगळं लिहिलेलं समितीच्या नावाचं पाकीट मी दोनदा टपालपेटीपर्यंत नेलं आणि दोनदा घरी आणलं. हे मामांच्या हातात देते आहे, त्यांच्याकडून परत मागायचं तोंड मला नाही. मिळाल्या मिळाल्या याची प्रत समितीला पाठव, माझ्या होकाराची वाट बघू नकोस. कदाचित त्याआधी मी तुला फोन करीन. फार गोड बोलेन. पत्र रागाच्या भरात लिहिलं, फाडून टाक, आपण दोघी मिळून मार्ग काढू, असं म्हणेन, आणि तुला ते पटेल. तेव्हा तोंड उघड, आणि या वेळी मिटू नकोस. त्या पानाखाली राहिलेली सही, तारखेसह, या पत्राच्या पाठीवर पूर्ण नावाने करते आहे.

तुझीच,
मॅडम