दुधी काचेवरची सुलट माणसे

रविवार, ६ डिसेंबर १९६४. भाजे.

आज बिऱ्हाड मांडून झाले. एक खोली, पुढे पडवी, खिडकीतून लेण्यांचा डोंगर. घरमालक दत्तोबा आणि बयाबाई याच घराच्या दुसऱ्या अर्ध्यात राहतात. आईवडिलांच्या मागे धाकट्या बहिणीला, शालनला, मी आणि मला शालन. तिला सतरावे चालू आहे. तिने चूल पेटवून पहिला चहा केला आणि खोली पास केली.

उद्यापासून लोणावळ्याच्या बाजारात, निवृत्तीकाकांच्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात. माझी शाळा सातवीत सुटली, शुद्धलेखन सुटले नाही. म्हणून गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या मी लिहायच्या, असे काकांनी ठरवले आहे. बयाबाईंनी विचारले, रेडिओला करतोस तरी काय? म्हटले, तुटलेल्या तारांना कथलाचा डाग देतो. त्यांनी कपाळाला हात लावला. आमच्यात मेल्याल्या माणसाला डाग देत्यात रं बाबा! शालन हसून हसून लोळली.

रविवार, १३ डिसेंबर.

सोमवारी एका बंद बंगल्यातले भंगार दुकानात आले. त्यात जुना लाकडी कॅमेरा होता. काकांनी तो मलाच दिला. पितळी भिंग, चामड्याचा भाता, मागे दुधी काच. भात्याला अकरा भोके होती. रोज दोन-दोन करून काळ्या कापडाने बुजवली. याच्या प्लेटा आता मिळत नाहीत, पण फोटो काढायचाच कशाला? काळ्या फडक्यात डोके घातले की सारे अंगण काचेवर उतरते, आणि तेही उलटे. भिंगातून येते ते उलटेच येते. बैल आभाळाला लोंबतात. हे बयाबाईंना सांगितले, तर दोन्ही हातांनी लुगडे धरून ओरडल्या, आरं मेल्या, आदी सांगायचं न्हाई व्हय!

इतका आनंदाचा रविवार कितीतरी दिवसांनी आला.

रविवार, २० डिसेंबर.

शेजारच्या झुंबरबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. काचेवर ओटा उलटा, घर उलटे, कोंबड्या उलट्या. झुंबरबाई मात्र सुलट. डोके वर, पाय खाली. भिंग पुसून पुन्हा पाहिले. तशाच. भिंगात खोट असती तर सगळेच बिघडले असते. एकच माणूस कसे?

शालनला सांगितले नाही. ती चेष्टा करील.

बुधवार, २३ डिसेंबर.

झुंबरबाई आज सकाळी गेल्या. दत्तोबा म्हणाले, लय वय झालतं. झाले होतेच.

रविवार, २७ डिसेंबर.

दत्तोबांचा पुतण्या बजरंग पेंढा रचायला आला. एका हाताने दोन भारे फेकतो. म्हणाला, भाऊ, बगा की, माजं थोबाड शिनेमात चालंल का? पाहिले. पेंढा उलटा, दत्तोबा उलटे. बजरंग सुलट.

चालेल म्हणालो. दुसरे काय म्हणणार होतो?

बुधवार, ३० डिसेंबर.

बजरंग पेंढ्याच्या गंजीवरून पडला. जागीच गेला. पाहिल्यापासून तिसरा दिवस. झुंबरबाईंचाही तिसराच होता.

कॅमेरा गोणपाटात बांधून माळ्यावर टाकला.

रविवार, ३ जानेवारी १९६५.

मळवलीहून भाजी घेऊन आलो, तर शालनने कॅमेरा अंगणात मांडलेला. तोंडाला पावडर लावून स्वतः समोर उभी. दादा, इतके दिवस बैल बघितलेस, आज बहीण बघ. बघायचे नव्हते. पण न बघता कळणार कसे —

सुलट आहे.

भिंग उपसून काढले. आता काचेवर नुसता उजेड दिसायला हवा. अंगण पुसले गेले, घर गेले. शालन तशीच. हसत उभी. फडक्यातून डोके काढले तर अंगणात कोणी नव्हते. ती केव्हाच चुलीपाशी जाऊन बसली होती.

सोमवार, ४ जानेवारी.

कामावर गेलो नाही. भिंग परत बसवले, काच बदलली. सुलट. कॅमेराच भिंतीकडे वळवला. अंगण गेले, ती गेली नाही.

भिंगातून येते ते उलटे. ती उलटी नाही, म्हणजे ती भिंगातून आलेलीच नाही. ती आतच आहे.

दत्तोबांना सगळे सांगितले. म्हणाले, जाळून टाक की त्ये. आत शालन आहे. कसे जाळू?

मंगळवार, ५ जानेवारी.

तिला ताप. डॉक्टर म्हणाले, साधा आहे. बजरंगला तेवढाही नव्हता.

झुंबरबाई गेल्यावर बजरंग आला, बजरंग गेल्यावर शालन. आत एकाचीच जागा. म्हणजे दुसरे कोणी आत गेले तर — तिला काचेपाशी बसवले, मी समोर उभा राहिलो. विचारले, कसा दिसतो? म्हणाली, वटवाघूळ. पुन्हा विचारले. पुन्हा. दहा वेळा. उलटाच. मला घेत नाही.

बुधवार, ६ जानेवारी. सकाळ.

तिसरा दिवस. ती डोळे उघडत नाही. भिंग फिरवून बसवले, तोंड आत. आत जे तिला सोडत नाही त्याच्याकडेच रोखले. बयाबाईंनी तिला उचलून काचेशी धरले. मी कॅमेऱ्यासमोर उभा राहून हात जोडले. हिच्याऐवजी मी. हिच्याऐवजी —

शालनने डोळे उघडले. म्हणाली, दादा, सरळ झालास रे.

बयाबाईंनी तिला समोर नेले, मी धावत काचेपाशी जाऊन पाहिले. ती उलटी. वेणी आभाळाकडे. उलटी! शालन उलटी!

दुपार.

ताप उतरला. तिने भात मागितला. दोनदा वाढला.

शालन, हे तुझ्यासाठी. मला काही झाले तर तो कॅमेरा जाळ, कुणाला देऊ नको —

वही तिला दाखवली. म्हणते, सगळी अक्षरे उलटी आहेत. काचेच्या पलीकडून लिहावीत तशी. मी तपासले. दोनदा. ऱ्हस्व-दीर्घाचीही चूक नाही. मला तर नीट —

ती अंगणात हाका मारते आहे. मी तिच्यासमोरच बसलो आहे. ओ देतो आहे. ऐकत नाही. दत्तोबा काडेपेटी —

थांब

अंधार झाला. फडके. तिने डोके घातले. तिचे तोंड, भिंतीएवढे. शालन, जाळू नको, मी इथे आ