एका बाजूचं गाढव

तीर्थरूप मावशीस मोठ्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? (आईला विचारलं तर ती स्वतःच्याच गुडघ्यांचं सांगत बसते.) इकडे सगळं ठीक. काळजीचं काही नाही, मागायचंही काही नाही. उगीच आपलं पत्र.

तुझ्या चित्रांच्या पुस्तकावर आम्ही जी छोटी फिल्म करतोय, ती होत आली. रुसून घर सोडणारं तुझं गाढव आता पडद्यावर खरंच चालतं. मी दिवसभर त्याचेच पाय काढतो. (अडला हरी गाढवाचे पाय धरी, हे आपल्या घराण्यात मीच खरं करून दाखवलं.) समुद्रापर्यंत सगळं झकास. तिथे त्याला घरची आठवण येते, ते वळतं, आणि तिथेच आमचं घोडं पेंड खायला लागलं! अगं, तू ते पानोपानी एकाच बाजूने काढलंयस. पुस्तकात पान उलटलं की गाढव घरात. फिल्ममध्ये बिचाऱ्याला वळून चालत यावं लागतं, आणि त्याची दुसरी बाजू कुणी पाहिलेलीच नाही.

आधी मी सरळ चित्र उलटं केलं. पण त्याचा उजवा कान मोडका ना, तो झाला डावा. दिग्दर्शकबाईंच्या लेकीने ते पाहिलं आणि भोकाडच पसरलं, "हे दुसरंच आहे! आमचं कुठंय?" मग त्याला उलट्या पावलांनी घरी आणलं, तर ते काहीतरी चोरून निघाल्यासारखं दिसायला लागलं. पैसे घालणारे साहेब म्हणाले, सरळच चालू दे, पृथ्वी गोल आहे. शेवटी बाईंनी स्वतः त्याचा समोरून चेहरा काढला. साहेब बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे तर माझे मेहुणे!" (तेव्हापासून ऑफिसातला चहा बंद आहे.)

आता बाई म्हणतात, परतीचा भाग कापू, गाढव समुद्राकडे बघतंय तिथेच संपवू. लोकांना असलं आवडतं म्हणे. मला मात्र फार वाईट वाटतंय. तू वाचून दाखवायचीस तेव्हा ते दारात आलं की मगच मी झोपायचो. असो. तू मनाला लावून घेऊ नकोस.

तुझा,
गाढवाच्या पायाशी बसलेला भाचा

ता. क. : सोबत ब्रश, शाई आणि जाड कागद पाठवलाय. घरात नुसता पडून होता. (आत दुकानाची पावती राहिली असेल तर बघू नकोस.)

ता. क. २ : आई म्हणते, "तिला दुसरी बाजू येतच नव्हती, म्हणून टाळली." ती तुझी सख्खी बहीण, तिला माहीत असणार.

ता. क. ३ : हात थरथरतो म्हणून तू ब्रश ठेवून दिलास, ठाऊक आहे मला. पण ऐक. अगदी स्थिर रेघ पडद्यावर मेल्यासारखी दिसते. म्हणून आम्ही एकच चित्र पुन्हा पुन्हा गिरवतो. का, तर रेघ जराशी थरथरावी आणि गाढव श्वास घेतंय असं वाटावं. एवढी उस्तवार करूनही तुझ्या हातासारखी थरथर आम्हाला जमत नाही. फक्त वळतानाचं काढून दे, पाय मी बघतो. ते अजून समुद्रावरच उभं आहे गं, आणि त्याला घरी यायचंय.