अब्बांकडे राहिलेला क्रम

दिनांक : ११ डिसेंबर २०१७

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
वाचाघात व स्मरणशक्ती अभ्यास प्रकल्प,
यवतमाळ.

विषय : वडील हबीब शेख यांची अर्धवट राहिलेली चाचणी पूर्ण करून घेणेबाबत.
संदर्भ : प्रकल्प बंद झाल्याचे आपले पत्र.

महोदय,

अर्जदार मारेगावची रहिवासी असून वडील फवारणी पंप दुरुस्त करीत. लकव्याने त्यांची वाचा गेली. अशा माणसाच्या मनात एखादी गोष्ट किती वेळ टिकते, हे पाहण्यासाठी आपण त्यांना प्रकल्पात घेतले. आपल्या प्रकल्पातील वैष्णवी मॅडम रुग्णालयात लाकडी ठोकळ्यांवर ज्या क्रमाने ठोके देत, त्याच क्रमाने वडिलांनी द्यायचे, अशी चाचणी होती.

चाचणीच्या शेवटच्या दिवशी मॅडमनी नवा क्रम दाखवला आणि तेवढ्यात कपाशीवर फवारताना विषबाधा झालेली माणसे रुग्णालयात येऊ लागली. मॅडमना वॉर्डात बोलावणे आले. "बाबा, थांबा, मी आलेच," म्हणून त्या गेल्या. परत आल्या नाहीत, याबद्दल तक्रार नाही. त्या दिवशी कोणाला कशाची शुद्ध होती?

परंतु वडील अजून थांबलेले आहेत. तोच क्रम ते मांडीवर, ताटाच्या काठावर, नमाजानंतर चटईवर वाजवतात. विसरण्याच्या भीतीने हातातला घास खाली ठेवतात. शेजारचे नागोराव म्हणाले, "हबीबभाई, सोडा ना आता, काहून धरून बसले?" वडिलांनी मूठ मिटून छातीशी नेली. दुरुस्तीचा पंप त्यांनी ज्याचा त्यालाच दिला, दुसऱ्याच्या हाती कधी नाही. माझा भाऊ मोईन पांढरा कोट घालून समोर बसला, त्यालाही क्रम दिला नाही.

आपल्या पत्रात "सदर रुग्णाचे उत्तर प्राप्त नाही" असे आहे. उत्तर तयार आहे, महोदय. घ्यायला कोणी आले नाही.

गेल्या शुक्रवारपासून शेवटच्या ठोक्याआधी त्यांचे बोट हवेत अडकते. ते आमच्याकडे बघून रडतात. आम्हा सर्वांना तो क्रम पाठ आहे, अम्मी परातीवर तोच वाजवते. पण सांगायची हिंमत होत नाही. सांगितला तर उत्तर त्यांचे राहणार नाही.

तरी मॅडमना एकदा मारेगावी पाठवावे. क्रम चुकला तरी त्यांनी "झालं, बाबा" एवढे म्हणावे. नियमात बसत नसल्यास, वडिलांच्या मागे हा क्रम कोणाकडे जमा करायचा, ते लेखी कळवावे. हा अर्ज लिहिताना माझ्या डाव्या हाताचे बोट मेजावर तेच ठोके देत आहे आणि मला ते थांबवता येत नाही.

आपल्या माणसाची वाट पाहणारी,
नम्र अर्जदार
अतिया हबीब शेख

सोबत : आपल्या पत्राची प्रत.
(क्रम लिहून जोडलेला नाही. वडिलांची परवानगी नाही.)