शाळा सोडण्याचं कारण

प्रिय थोरले,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. चार ओळी खुशालीच्या आणि सहा ओळी दाखल्याच्या. महिनाअखेरपर्यंत इथल्या शाळेचा दाखला पोचला नाही तर तिकडच्या शाळेत तुझं नाव कच्चंच राहील, पोहण्याच्या संघातही घेणार नाहीत, हे तू आता तिसऱ्यांदा कळवलंस, आणि या खेपेला त्याखाली रेघही मारलीस. वाचलं बरं का. तुझी आई विसराळू असेल, आंधळी नाही. बाबा आणि मी वेगळे झालो, त्यांना तिकडे नोकरी लागली आणि तू म्हणालीस, काही महिने बाबांकडे राहून बघते. तेव्हा ठरलं होतं ते फक्त बघण्याचं. दाखला गेला की बघणं संपलं, मग तू इथे सुट्टीपुरती पाहुणी. हे तूही जाणतेस आणि मीही, म्हणून दोघीही त्याबद्दल बोलत नाही. दाखल्याचं सांगते, पण आधी घरचं ऐकून घे.

सध्या दुकानात मान वर करायला फुरसत नाही. झाडांची पानं पिवळी पडायला लागली की लोकांना एकदम कपाटातल्या गरम कपड्यांची आठवण होते. मग कुणाच्या बाहीला कसर लागलेली असते, कुणाची चेन अडकलेली असते, आणि सगळ्यांना सगळं परवापर्यंत हवं असतं. काज-बटणं करणाऱ्या मावशी म्हणतात, ही माणसं उन्हाळाभर झोपा काढतात आणि आता आपली झोप उडवतात. काल एक गृहस्थ विजार सैल करायला घेऊन आले आणि मी टेप लावल्याबरोबर पोट आत ओढून उभे राहिले. मी म्हटलं, साहेब, विजार घातल्यावर दिवसभर असा श्वास धरून बसणार आहात का? मावशींना इतकं हसू आलं की सुई बोटात गेली. घरी आल्यावर हे कुणाला तरी सांगावं म्हणून तुझ्या भावाला सांगितलं, तर आमच्या धाकटोबांनी गंभीर चेहऱ्याने विचारलं, मग ते काका मेले का? तू असतीस तर मला त्या गृहस्थांची नक्कल दोनदा तरी करायला लावली असतीस.

रविवारचं फिरणं मात्र मी मोडलेलं नाही. नियम तोच, थांब्यावर पहिली येईल ती बस आणि थेट शेवटच्या थांब्यापर्यंत. एका रविवारी तर बसने आम्हाला आगारातच नेलं. कंडक्टरच्या तेव्हा लक्षात आलं की मागच्या बाकावर एक बाई आणि एक पोर बसलंय. तो आधी ओरडला, मग त्यालाच दया आली आणि त्याने बस कशी धुतात ते दाखवलं. धाकटोबाच्या मते आजवरची सगळ्यात भारी सहल तीच. त्यानंतरच्या रविवारी तळ्यावर गेलो. काठची झाडं निम्मी झडली आहेत, पाण्यावर पानांचा थर साचलाय. होडी घेतली. मागच्या वर्षी एक वल्हं तुझ्याकडे, एक माझ्याकडे आणि हुकूम सोडायला तो, अशी आपली वाटणी होती. या वेळी त्याने तुझी जागा पटकावली. त्याच्या हातात जोर तो कितीसा? होडी जागच्या जागी गोल फिरायला लागली. काठावरून होडीवाला ओरडला, बाई, दोन्ही वल्ही तुम्हीच घ्या! पण हा पठ्ठ्या सोडेल तर शपथ. म्हणे, हे ताईचं वल्हं आहे, ते मीच मारणार. अर्धा तास आम्ही गोल गोल फिरत होतो आणि काठावरचे लोक पोट धरून हसत होते. मीही हसले, आणि हसता हसता मला रडू फुटलं. डोळ्यांवर ऊन येतंय असं त्याला सांगितलं, तर त्याने वर बघितलं. आभाळ भरलेलं होतं. घरी येताना बसमध्ये त्याने माझा हात सोडला नाही.

खरं सांगू? मला फार एकटं वाटतं. दिवस कामात जातो, पण आता पाच-साडेपाचलाच अंधारून येतं, आणि दुकानातून घरी जाईपर्यंतचा तो रस्ता माझ्या अंगावर येतो. घरी शिवायला काही नसलं तरी मी मशीन सुरू करते, तेवढाच घरात आवाज. तुझ्या खोलीचं दार उघडं ठेवलं तर आत डोकावावंसं वाटतं आणि बंद ठेवलं तर वाजवावंसं वाटतं, म्हणून मी ते अर्धवट लोटून ठेवलंय. शेजारच्या बाई विचारतात, मोठी कधी येणार? मी सांगते, परीक्षा झाली की. कुठली परीक्षा ते त्या विचारत नाहीत, हे त्यांचे उपकार. हे सगळं तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. म्हणजे, थोडंसं वाटलं तर चालेल.

आता एक गुन्हा कबूल करायचा आहे. मागच्या गुरुवारी मी दुकानाच्या मालकीणबाईंना अस्तराचं कापड बघून येते असं सांगितलं, धाकटोबाला मावशींच्या हवाली केलं आणि सकाळच्या गाडीने तुझ्याकडे आले. तुझा निळा कोट बरोबर घेतला होता. दर वर्षी या दिवसांत तो उसवायचा, आत मुडपून ठेवलेलं कापड सोडायचं आणि तुझ्या मापाचा करायचा, हे आपलं ठरलेलं काम. या वर्षी तू समोर नव्हतीस, म्हणून अंदाजाने दीड इंच सोडला होता. म्हटलं, शाळा सुटताना गाठावं, कोट अंगावर घालून बघावा, आणि खरं म्हणजे तुला सांगावं की चल घरी, पुरे झालं बघणं. वाक्य गाडीत पाठ करत आले होते. तुझ्या शाळेसमोर औषधांचं दुकान आहे ना, त्याच्या पायरीवर उभी राहिले. घंटा झाली. तू दोन मैत्रिणींबरोबर बाहेर आलीस, केस ओले, दप्तर एकाच खांद्यावर. त्यातली एक काहीतरी म्हणाली आणि तू हसलीस. अशी हसलीस की तुला चालता येईना, फाटकाला धरून उभी राहिलीस. हाक मारायला मी तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. आपल्या घरात तू शेवटची अशी कधी हसली होतीस ते मी आठवत राहिले, आणि मला आठवेना. आम्ही दोघं भांडायला लागलो की तू धाकटोबाला घेऊन बाहेर जिन्यात जाऊन बसायचीस, तेवढं आठवलं. मग काय, डोळ्यांना सवयच आहे, रस्त्याच्या पलीकडूनच तुझं माप घेतलं. खांदे अर्ध्या इंचाने रुंदावलेत आणि बाही दीड नाही, चांगली तीन इंच वाढवावी लागणार. तू कोपऱ्यावरून वळलीस आणि मी दुपारच्या गाडीने परत आले. कोट पुन्हा उसवून केला आहे, वेगळ्या पार्सलने येईल.

तर दाखला. इथल्या शाळेचे कारकूनकाका रजेवर गेलेच नव्हते. शिक्काही हरवला नव्हता, आणि मुख्याध्यापिकाबाईंच्या हाताला कसलं प्लॅस्टर न् काय, हात ठणठणीत आहे त्यांचा. फोनवर तिन्ही वेळा मी तुला शेंडी लावली. दाखला तू मागितलास त्या पहिल्या आठवड्यातच तयार होता, फक्त एक रकाना सोडून, शाळा सोडण्याचं कारण. काका म्हणाले, पालकांचं स्थलांतर असं लिहितो, बहुतेकांचं तेच असतं. मी भडकले. म्हटलं, पालक ही काय तुमच्यासमोर उभी आहे, ती कुठे गेलीय स्थलांतर करून? ते शांतपणे म्हणाले, मग तुम्हीच सांगा ताई, काय लिहू? रकाना कोरा ठेवून मी घरी आले आणि दीड महिना तिकडे फिरकलेच नाही. मला वाटायचं, जोवर तो कोरा आहे तोवर तू माझ्याकडची आहेस. आज सकाळी गेले. काकांनी दाखला काढला आणि पेन उघडलं. मी सांगितलं, लिहा, मुलगी तिथे आनंदात आहे. ते म्हणाले, असं कारण नियमात बसत नाही. मी म्हटलं, दुसरं खरं कारण माझ्याकडे नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा चढवला, आणि त्यांच्या त्या टपोऱ्या अक्षरात अगदी तेच लिहिलं. खाली पालकाची सही लागते. ती जरा वाकडी आली आहे, पण मीच केली आहे आणि कुणी करायला लावली म्हणून केलेली नाही. दाखला याच पाकिटात आहे. उद्याच नेऊन दे.

तिथेही तुझीच,
आई